रक्त तुझं, नाव माझं

कोंडाणे,
९ फेब्रुवारी २०२५

सुंदरे,

फाडायचंच असेल तर पूर्ण ऐकून मग फाड. वाचणार तुझी सून मेघा, ऐकणार तू, सांगणार मी आणि लिहिणार माझी सून माधवी. दोन अडाणी जावांचं भांडण, आणि त्यापायी दोन शिकलेल्या सुना कामाला लागल्या. फोनच केला असता, पण माझा फोन आला की तू कापतेस. तुला नाव वाचता येत नाही, म्हणून तुझ्या प्रवीणनं मोबाइलमध्ये माझ्या नावावर म्हशीचा फोटो लावून दिलाय, असं ऐकलं. म्हैस तर म्हैस. दूध देणारी तरी लाव म्हणावं.

माधवी माझं बोलणं जसंच्या तसं उतरवत नाही. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. त्यामुळं पत्रात मी जरा शहाणी वाटेन. घाबरू नकोस, मीच आहे, तुझी थोरली जाऊ ठकूबाई.

पोपटीच्या दिवशी तू माझ्या दारातून न जेवता गेलीस, त्याला महिना होत आला. वालाच्या शेंगा नि अंडी भरलेलं मडकं अजून जाळावर होतं. तुझ्या वाटणीची अंडी कुणी खाल्ली ते सांगत नाही, तुझा राग आणखी एका माणसावर जाईल. आपल्या दोघींच्या परसामधली भिंत माझ्या मनोजनं मुद्दाम वाकडी घातली, ती तुझ्या बाजूला पोटासारखी फुगली आहे, असं तू चारचौघांत म्हणालीस. त्यावर मी काय म्हणाले ते पुन्हा सांगत नाही. माधवी तिथंच होती, तिला पाठ आहे.

आता कामाचं. दिवाळीनंतर आपल्या शाळेत डोळ्यांच्या डॉक्टरांचं शिबिर होतं, तेव्हा तू मोहोपाड्याहून चार दिवस इथं गावच्या घरी राहायला आली होतीस. गावातल्या साठीपुढच्या माणसांचे डोळे आणि रक्त ते तपासत होते. पहिल्या दिवशी यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी माझ्या डोळ्यांच्या आतले फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त. त्यातल्या भाग्यश्री डॉक्टरीणबाईंचा पनवेलहून फोन आला. म्हणाल्या, "आजी, तुमच्या रक्तातली चरबी जरा जास्तच खवट झालेली दिसते."

मी विचारलं, "वास येतो का?"

त्या हसल्या. डब्यात तेल फार दिवस राहिलं की हवेनं खवट होतं, तसंच काहीसं रक्तातल्या चरबीचंही होतं म्हणे. म्हातारपणी काही माणसांच्या डोळ्यामागचा पडदा खराब होतो. अशांच्या रक्तात ही खवट चरबी जास्त सापडते का, ते शोधण्यासाठी हे सगळं चाललं आहे. पण माझे फोटो तर आरशासारखे स्वच्छ. "रक्त एक सांगतंय आणि डोळे दुसरंच, हे जुळत नाही," म्हणाल्या. शनिवारी पनवेलला बोलावलंय.

तूही चल. मला एकटीला भीती वाटते. गेलोच आहोत तर तुझेही डोळे दाखवून घेऊ. एवढंच. बाकी काही नाही.

'बाकी काही नाही' हे दोनदा लिही म्हटलं, तर माधवी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. एकदाच राहू दे.

तुझी ठकूबाई


कोंडाणे,
१६ फेब्रुवारी २०२५

सुंदरे,

तू आली नाहीस. मी जाऊन आले. आता जे सांगणार आहे ते माधवीलाही ठाऊक नाही, म्हणून तिला आधीच बजावलंय की पेन थांबवायचं नाही.

ते रक्त माझं नव्हतं. तुझं होतं.

पेन थांबलं. थांब जरा, ती पाणी पिऊन येते.

हां. तर माधवी, ऐक आणि लिही. शिबिराच्या आधी घरोघर फिरून मीच सगळ्या म्हाताऱ्यांना सांगत होते, "काय नाय गं, मुंगी चावल्यागत होतंय." आणि सकाळी रांगेत माझ्या पुढच्या बाईच्या हातात सुई गेलेली बघितली, तशी मी रांगेतून मागं सरले. सुंदरा माझ्या सोबतीला उभी होती. तिचं नाव काही त्यांच्या यादीत नव्हतं, ती मोहोपाड्याची. तिनं माझ्या हातातली चिठ्ठी आणि आधार कार्ड काढून घेतलं आणि म्हणाली, "हो बाजूला, बाय. चेहरा बघ कसा झालाय, लोक शिबिर सोडून पळतील." आधारवरच्या फोटोत मी अशी दिसते की ती कोणतीही म्हातारी असू शकेल. ती जाऊन खुर्चीत बसली. ती पण उपाशीच होती, कारण मी जेवले नाही तर ती जेवत नाही. नळीवर चिठ्ठी माझ्या नावाची चिकटली.

मेघा, तुला नवल वाटेल. आम्हाला वाटलंच नाही. सासूबाई आम्हा दोघींना एकाच ताग्यातली लुगडी आणायच्या. भातलावणीत माझी कंबर धरली की ही माझ्या रांगेत उभी राहायची, हिला ताप आला की मी हिच्या वाटचं पाणी भरायची. मागून सासूबाईंना कळायचं नाही आणि पुढं यायची त्यांना सवड नव्हती. एकीच्या जागी दुसरीनं उभं राहायचं, यात फसवणूक असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

फोन आला तेव्हाच मला कळलं होतं की खवट रक्त तुझं. तरी मागच्या पत्रात मी ते झाकलं. का, तर गावाला मुंगी सांगणारी म्हातारी स्वतः पळाली, हे सुनेला कळेल म्हणून. वाटलं, तुला गोड बोलून पनवेलला न्यावं, तिथं तुझे डोळे बघतील, आणि माझी अब्रूही राहील. 

पण दवाखान्यात काय झालं ते ऐक. बाकड्यावर माझ्या शेजारी खालापूरकडचे एक म्हातारे बसले होते. त्यांच्या हातात चौकटी-चौकटींचा कागद, मध्ये एक ठिपका. मी म्हटलं, "हे काय वो, या वयात गणितं?"

ते म्हणाले, "गणितं नायत बाय. एकेक डोळा झाकायचा, ठिपक्याकडं बघायचं, रेघा सरळ दिसतात का बघायचं. माझ्या डोळ्याचा पडदा बिघडलाय. पैल्यांदा मला दाराची चौकट वाकडी दिसली. मी जाऊन सुताराशी भांडलो. त्याच्या सात पिढ्या काढल्या. चौकट सरळ होती."

सुंदरे, डोळ्यांपुढं मनोजची भिंत आली. त्या दिवशी तू चहा कपाच्या बाहेर ओतलास, तोही आठवला. मला तेव्हा वाटलं होतं, रागानं सांडलास.

आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. रक्त, चिठ्ठी, भिंत, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता हाकलतात. मग म्हणाल्या, "आजी, तीन महिने आम्ही सगळे तुमच्या या एका नळीवर डोकं खाजवतोय." मी म्हटलं, "चुकलं माझं. खोडा माझं नाव." ते त्यांनी माझ्यासमोरच खोडलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "हे बघा, नुसत्या रक्तावरून आम्ही कुणालाही आजारी ठरवत नाही, ते अजून आमचं शोधणंच आहे. पण सरळ भिंत वाकडी दिसणं ही खरी खूण आहे. पडद्याखाली पाणी साचत असेल तर डोळा आठवड्या-आठवड्यानं जातो. जावेला लवकर आणा. उद्या आणता आलं तर उद्या."

तेव्हा ऐक. तू खोटं बोलली नव्हतीस. तुला जे दिसलं ते तू बोललीस, आणि मी त्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं. मला माफ कर.

सोबत तो चौकटींचा कागद धाडते आहे. वाचायला यावं लागत नाही, आपल्यासारख्यांसाठीच काढलाय म्हण. एक डोळा तळव्यानं झाक, कागद हातभर लांब धर, ठिपक्याकडं बघ. रेघ जिथं वाकेल तिथं ती तशीच वाकडी काढून ठेव. मग दुसरा डोळा झाक.

आणि मेघा, डॉक्टरीणबाईंनी तंबाखूला सक्त मनाई सांगितली आहे. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घाल, मशेरीची डबी सापडेल. सुंदरे, शिव्या मला दे, सुनेला नको.

तुझी ठकूबाई


कोंडाणे,
२० फेब्रुवारी २०२५
(टेंपोवाल्याच्या हाती)

सुंदरे,

मेघाचा माधवीला फोन आला. पत्र ऐकून तू कागद चुलीपुढं फेकलास म्हणे, आणि म्हणालीस, "ठकूबायला भिंत खरी करायचीय, म्हणून माझा डोळा खोटा पाडतेय."

बोललीस झकास. चाळीस वर्षं माझ्या हाताखाली राहिलीस, बोलणं तयार होणारच. पण मी रात्रभर तेच घोळवत पडले. तुझंही बरोबर आहे. तू डोळा दाखवलास आणि तो बिघडलेला निघाला, की गावापुढं तू चुकीची आणि मी खरी. आणि तू माझ्यापुढं चुकीची ठरण्यापेक्षा आंधळी होशील. मी तुला ओळखते, कारण मीही तेच केलं असतं.

म्हणून काल मनोजला म्हटलं, भिंत पाड.

तो किती ओरडला ते माधवी लिहायला तयार नाही, तिचा नवरा आहे. ओळंबा लावून, दोरी धरून, हप्ताभर सुट्टी टाकून घातलेली भिंत. मी म्हटलं, "तुझ्या काकीला वाकडी दिसतेय, म्हणजे वाकडी." तो म्हणाला, "आये, तुझं डोकं फिरलंय." मी म्हटलं, "फिरू दे. तुझ्या काकीनं तुला अंगावरचं पाजलंय, माझं दूध आटलं होतं तेव्हा. तुला आठवत नसेल, मला आठवतंय." मग तो पहार घेऊन गेला. आज वरचे तीन थर उतरले आहेत आणि कोंबड्या मजेत इकडून तिकडं जाताहेत.

तेव्हा माधवी, मोठ्या अक्षरात लिही. भिंत वाकडी होती. ठकूबाईनं मान्य केलं. मेघानं हे सगळ्या कॉलनीला वाचून दाखवावं, माझी हरकत नाही. नवी भिंत तू सांगशील तिथं घालू, दोरी तू स्वतः धर. 

पण दोरी धरायला डोळा पाहिजे गं. तेवढ्यासाठी तरी चल. माझ्या अब्रूपायी एक आठवडा आधीच गेला आहे. तुझ्या अब्रूपायी दुसरा घालवू नकोस.

तुझी ठकूबाई


कोंडाणे,
९ मार्च २०२५

सुंदरे,

तू दोन दिवस इथं राहून गेलीस आणि तरी मी पत्र सांगते आहे, म्हणून माधवी हसतेय. पण समोर बसलीस की आपण एकमेकींची टिंगलच करतो. काही गोष्टी मला तोंडावर बोलता येत नाहीत.

तुला वाटतं, त्या रविवारी तू मनोजनं पाडलेली भिंत बघायला आलीस ते मला कळलं नाही. मी मोरीच्या खिडकीत उभी होते. प्रवीणला तू ओट्यावर बसवलंस आणि एकटी परसात गेलीस. उरलेल्या भिंतीसमोर उभी राहिलीस. आधी डावा डोळा झाकलास. मग उजवा. मग पुन्हा डावा. मग जाऊन भिंतीवर हात ठेवलास आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेलीस, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी. आणि तिथंच खाली बसलीस. मी बाहेर आले नाही. तेव्हा आले असते तर तू पुन्हा उठून गेली असतीस.

आत येऊन एवढंच म्हणालीस, "बाय, मनोजला म्हणावं, पहार ठेव." आणि लगेच, "सकाळची पनवेलला गाडी किती वाजता हाय?"

मी चहा ठेवला, कारण दुसरं काही केलं असतं तर रडले असते.

आता दवाखान्याचं, पडद्याखाली निघालेल्या पाण्याचं, मी उगाळणार नाही. औषधाची सुई तुझ्या डोळ्यात गेली आणि चक्कर बाहेर बसलेल्या मला आली, हे तू मोहोपाड्यात सगळ्यांना सांगितलंस असं कळलं. सांग. मग हेही सांग, की त्याच दिवशी मी खुर्चीत बसले, माझ्याच नावानं, माझंच रक्त द्यायला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "पुन्हा यादीत यायचंय का आजी, या वेळी खरंखुरं?" तू डोळ्यावर पट्टी लावून माझ्यासमोर उभी राहिलीस आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मुंगी हाय बाय, मुंगी." नर्सच्या हातातून कापूस पडला. तुझंही नाव तुझ्या नावानं लिहून घेतलं त्यांनी. आता निदान कागदावर तरी आपण दोन वेगळ्या बायका झालो.

डावा डोळा पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही, हे त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. मध्ये थोडा डाग राहू शकतो. महिन्या-महिन्यानं आणखी सुया लागतील. उजव्यावर नजर ठेवायची आहे. महिनाभर आधी आलो असतो तर बरं होतं, हेही त्या म्हणाल्या, आणि त्या महिन्यातला माझा वाटा किती ते मला ठाऊक आहे. तरी तू परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस, घोरलीस पण.

सुंदरे, आभार कसे मानतात ते मला येत नाही. आपल्यात कुणी कुणाचे मानलेच नाहीत. माझ्या जागी रांगेत उभी राहिलीस, माझ्या पोराला पाजलंस, माझ्या वाटची सुईसुद्धा स्वतःवर घेतलीस. आणि ती घेताना त्या नळीत तुझं स्वतःचं दुखणंच माझ्या नावानं बाहेर आलं. यात माझं कौतुक काही नाही. मी भित्री, तू धीट, एवढंच झालं. पण त्या सकाळी मला भीती वाटली याचं आता मला वाईट वाटत नाही. त्या डॉक्टर पोरींचेही उपकार आहेत, एका न जुळणाऱ्या नळीचा नाद त्यांनी सोडला नाही. त्या खालापूरच्या म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. ते सुताराशी भांडले म्हणून आपलं भांडण मिटलं. ते जिथं असतील तिथं त्यांची दारं सरळ राहोत.

भिंतीचे तीन थर मनोज पुन्हा चढवणार नाही म्हणतो. कोंबड्यांना सवय झालीय, आणि मलाही. तुझ्या परसातली शेवग्याची शेंग आता हात लांबवून तोडता येते.

तुझी ठकूबाई


कोंडाणे,
१८ मे २०२५

सुंदरे,

टेंपोवाल्यानं काल पाकीट आणून दिलं. माधवी बाजाराला गेली होती. मी म्हटलं, सुनेची वाट बघावी, आपल्याला काय कळणार. पण राहवलं नाही. उघडलं.

आत तीन कागद. चौकटींचे. पेनानं काढलेले, आणि काढणारी मेघा नव्हती हे मला लगेच कळलं, कारण मेघाची रेघ इतकी दाबून कागद फाडत नाही.

पहिल्या कागदावर तू आधी एक सुई काढली आहेस, म्हणजे पहिल्या सुईनंतरचा. त्यात मधल्या रेघा अशा फुगल्यात की मधोमध कुणी मडकं ठेवलंय असं वाटावं. दुसऱ्यावर दोन सुया, आणि मडक्याची वाटी झालेली. तिसऱ्यावर तीन सुया. त्यात रेघा जवळजवळ सरळ आल्यात. फक्त ठिपक्याजवळ दोन रेघा थोड्या कललेल्या, आणि तिथं तू एवढासा डाग काळा करून ठेवलाय. तो राहिला तर राहिला. तेवढ्या जागेत मला बसव, म्हणजे मी तुला अर्धीच दिसेन आणि तुझा त्रास अर्धा होईल.

मी ते तिन्ही ओट्यावर मांडून बसले. पुन्हा पुन्हा बघितले. आयुष्यभर माझी पत्रं दुसऱ्यांनी वाचली. लग्नाची, मयताची, कोर्टाची. मी नुसती वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची, हसतोय का रडतोय. हे पहिलंच पत्र मी स्वतः वाचलं, सुंदरे, आणि त्यात चांगली बातमी होती. माधवी आली तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली, मी डोलवायची तशी.

आता तूच एवढं लिहिलंस, तर मला गप्प कसं बसवेल? आज माधवीला म्हटलं, एवढं उतरव आणि थांब, खालचं मी लिहिते. मग ती पेन माझ्या बोटांत नीट धरून देईल आणि उठून आत जाईल.

खाली जी रेघ आहे ती माझी आहे. ती वाकडी दिसली तर घाबरून पनवेलला पळू नकोस. ती खरोखरच वाकडी आहे.